शिशाचा धूर

धातु म्हटला म्हणजे आपल्या मनासमोर जी वस्तु उभी राहते ती जड, घट्ट, ठोकली असतां वाजणारी आणि ठेवली त्या जागीं पडून राहणारी अशी असते. अन्नाबरोबर किंवा औषधाबरोबर धातु पोटांत जाऊं शकतो हें आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यांत ताक ठेवूं नये हें आमच्या आजीबाईंना कोणत्याहि रसायनशास्त्र्यानें शिकविलें नव्हतें. परंतु धातु वाऱ्यावर तरंगतो, नाकावाटे आंत शिरतो आणि रक्तांत मिसळतो, ही कल्पना मात्र मनाला सहजासहजीं पटत नाहीं. ती पटली नाहीं म्हणूनच विसाव्या शतकांत मनुष्यजातीनें आपल्याच श्वासांत पाऊणशें वर्षें शिसें कालविलें, आणि तसें कालवीत राहण्याला विद्वानांचें प्रशस्तिपत्रहि मिळविलें. मोटारीच्या पेट्रोलमध्यें घातलेल्या शिशाची ही हकीकत आहे. आमच्या वयाच्या वाचकांना पेट्रोलपंपावरील ‘अनलेडेड’ ही पाटी आठवत असेल. तरुण वाचकांना ती पाटी कशासाठीं होती हें समजावून सांगावें लागतें, आणि हा त्यांच्या भाग्याचाच भाग म्हटला पाहिजे.

शिसें मनुष्याला फार प्राचीन काळापासून परिचित आहे. तें मऊ असतें, थोड्या आंचेवर वितळतें, आणि चांदीच्या खनिजांत बहुधा तिच्या सोबतीला असतें. चांदी वेगळी काढतांना शिशाचा धूर होतो, व तो वाऱ्याबरोबर किती दूर जातो याचा पुरावा अगदीं अनपेक्षित जागीं सांपडला. ग्रीनलंडमध्यें बर्फाचे थर वर्षानुवर्षें एकावर एक सांचत आलेले आहेत. ते खोलवर छिद्र पाडून बाहेर काढून तपासले असतां ग्रीक व रोमन लोकांच्या भरभराटीच्या काळांतील थरांत शिशाचें प्रमाण नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारें चौपट आढळलें. हें संशोधन १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. स्पेनसारख्या दूरच्या प्रांतांत पेटलेल्या भट्ट्यांचा धूर उत्तर ध्रुवाकडील बर्फांत दोन हजार वर्षें जसाच्या तसा राहिला होता! रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानें शिशाचें काम करणाऱ्या कारागिरांचा निस्तेज वर्ण पाहून पाण्याचे नळ शिशाचे नसावेत, मातीचे असावेत, असें लिहून ठेविलें आहे. रोमन लोकांनीं तें वाचलें असेल. नळ मात्र शिशाचेच राहिले. आमच्याकडे रसशास्त्रांत शिशाला नाग असें नांव असून शोधन केल्यावांचून तो पोटांत घेऊं नये असा दंडक आहे. मारुतीच्या अंगचा शेंदूर म्हणजे शिसें हवेंत भाजून केलेली तांबडी भुकटीच होय. उलट पेन्सिलींत शिसें मुळींच नसतां आम्ही तिला शिसपेन्सिल म्हणत आलों. भाषेला रसायनाचें फारसें सोयरसुतक नसतें.

धातूच्या धुळीनें माणूस मरतो हें युरोपांत प्रथम खाणींच्या प्रदेशांत नीट लिहिलें गेलें. जॉर्जियस अग्रिकोला याचा खाणशास्त्रावरील मोठा लॅटिन ग्रंथ १५५६ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षीं, बाझल येथें छापला गेला. कार्पेथियन पर्वतांतील खाणींपाशीं सात सात वेळां लग्न लागलेल्या बायका आढळतात, कारण त्यांचे नवरे एकामागून एक क्षयानें जातात, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. त्या धुळींत धातूंखेरीज इतरहि पुष्कळ कांहीं होतें, हें खरें. पण तोंडावर सैल फडकें बांधावें, म्हणजे धूळ आंत जाणार नाहीं, हा उपायहि त्यानेंच सांगितला आहे. ह्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर हर्बर्ट हूव्हर व त्यांची पत्नी लू हूव्हर यांनीं १९१२ सालीं केलें. हेच हूव्हर पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. तांबड्या फितीच्या कागदांत बुडण्यापूर्वीं एखाद्या राजकारण्यानें असें कांहीं केलेलें असावें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

त्यानंतरचें थोर नांव म्हणजे मोडेनाचा वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झीनी. आपल्या घरचा शौचकूप उपसणारा मजूर इतक्या घाईघाईनें कां काम करतो, असें त्यानें एकदां विचारलें. तेथें अधिक वेळ राहिलें तर डोळे जातात, हें त्या मजुराचें उत्तर ऐकून त्यानें धंद्याधंद्यांतील रोगांचा शोध सुरू केला आणि १७०० सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. रोग्याला वैद्यानें विचारावयाच्या प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा एक प्रश्न वाढवावा, ही त्याची सूचना. वैद्यकाच्या इतिहासांत इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी भर क्वचितच पडली असेल. शिशाची झिलई वाटणाऱ्या कुंभारांचे हात कसे लुळे पडतात याचें वर्णन त्याच्या ग्रंथांत आहे. हे कुंभार पुढें एका विलक्षण ठिकाणीं आपल्याला पुन्हां भेटणार आहेत.

एकोणिसाव्या शतकांत शिशाच्या रोगाविषयीं अज्ञान असें कांहीं उरलेंच नव्हतें. फ्रान्समध्यें तांकरेल दे प्लांश यानें १८३९ सालीं बाराशेंहून अधिक रोग्यांच्या हकीकती एकत्र करून ग्रंथ लिहिला. इंग्लंडांत १८९५ सालच्या कायद्यानें कारखान्यांतील शिशाच्या विषबाधेची वर्दी देणें वैद्यांवर बंधनकारक झालें, आणि १८९८ सालीं टॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले गेले. शिसें मुख्यतः न धुतलेल्या हातांनीं जेवल्यामुळें पोटांत जातें असा मालकवर्गाचा आवडता सिद्धांत होता, कारण त्यांत दोष कामगाराच्या अस्वच्छतेकडे जात असे. लेग यांनीं १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, खरी वाट नाकाची आहे. हवेंतली धूळ व वाफ आवरल्याशिवाय साबणानें कांहीं साधणार नाहीं. मालकानें सर्व कांहीं केल्याशिवाय कामगाराला स्वतःचें रक्षण जवळजवळ करतांच येत नाहीं, हें त्यांचें सूत्र होतें. घरांच्या आंतील रंगकामांत पांढऱ्या शिशाला बंदी करणारा करार १९२१ सालीं जिनिव्हास झाला. इंग्रज सरकारनें तो मान्य करण्याचें नाकारलें, तेव्हां १९२६ सालीं लेग यांनीं राजीनामा दिला. तत्त्वासाठीं नोकरी सोडणारा सरकारी अधिकारी आम्हीं तरी फार पाहिलेला नाहीं.

इतकें सर्व ठाऊक असतांनाच पुढील गोष्ट घडली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मोटारीच्या एंजिनांत इंधनाचा भडका वेळेपूर्वीं व अनियमित उडाला म्हणजे खटखट असा आवाज होतो व शक्ति वायां जाते. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेंत टॉमस मिजली हा तरुण एंजिनियर ह्या दोषावर औषध शोधीत होता. १९२१ सालच्या ९ डिसेंबर रोजीं त्याला तें सांपडलें: टेट्राएथिल लेड नांवाचा शिशाचा एक तेलकट, गोडसर वासाचा द्रव. गॅलनभर पेट्रोलला चमचाभराहूनहि कमी पुरे होई. पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळला तरी खटखट थांबते, हेंहि ह्या मंडळींस माहीत होतें. पण मद्यार्क कोणीहि शेतकरी गाळूं शकतो, त्याचें पेटंट कोण देणार? १९२३ सालच्या फेब्रुवारींत डेटन येथें हें नवें पेट्रोल विक्रीस निघालें आणि पुढील वर्षीं जनरल मोटर्स व न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनीं मिळून त्यासाठीं स्वतंत्र कंपनी काढली. मालाचें नांव ठेविलें ‘एथिल’. त्या नांवांत शिसें ह्या शब्दाचा मागमूस नव्हता, आणि तो नसावा अशीच योजना होती.

१९२४ सालच्या ऑक्टोबरांत न्यू जर्सींतील बेवे येथें हा द्रव तयार करणाऱ्या कारखान्यांत कामगारांना वेड लागूं लागलें. कोणी भिंतीवर धांवून जाई, कोणाला नसलेले किडे अंगावर दिसत. पांच जण मेले आणि तीस-पस्तीस जण रुग्णालयांत गेले. ते फार काम केल्यामुळें भ्रमिष्ट झाले असावेत, असें कारखान्याच्या बाजूनें आरंभीं सांगण्यांत आलें! वर्तमानपत्रांनीं ‘वेडा वायु’ असें नांव देऊन गिल्ला केला, न्यूयॉर्क शहरानें विक्री थांबविली. तेव्हां ३० ऑक्टोबर रोजीं मिजलीनें बातमीदारांना बोलावून त्यांच्या समोर तो द्रव आपल्या हातांवर ओतला व बाटली नाकाशीं धरून मिनिटभर हुंगली. असें रोज केलें तरी मला कांहीं होणार नाहीं, हा त्याचा दावा. आदल्याच वर्षाच्या आरंभीं शिशाच्या बाधेमुळें त्याला काम सोडून फ्लॉरिडांत हवापालटासाठीं जावें लागलें होतें, ही गोष्ट त्यानें त्या दिवशीं बातमीदारांना सांगितली नाहीं. ह्या माणसाविषयीं फार कठोर लिहिण्याचा मोह होतो. परंतु तो दुष्ट नव्हता, केवळ आपल्या शोधावर भाळलेला होता, असेंच आमचें मत आहे. शोधकाला स्वतःच्या शोधाचा न्यायाधीश होऊं देणें ही चूक मात्र इतरांची.

२० मे १९२५ रोजीं अमेरिकन सरकारच्या मुख्य वैद्याधिकाऱ्यानें वॉशिंग्टन येथें परिषद बोलाविली. ही परिषद आम्हांस ह्या सर्व इतिहासाचा मध्यबिंदु वाटते. एका बाजूस कंपन्यांचे प्रतिनिधि होते. त्यांतील एकानें ह्या द्रवाला ईश्वराची देणगी म्हटलें. दुसऱ्या बाजूस येल विद्यापीठाचे प्राध्यापक यांडेल हेंडरसन होते आणि डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन होत्या. ह्या बाई १९१० पासून इलिनॉयमधील व नंतर देशभरच्या शिशाच्या कारखान्यांत स्वतः हिंडून, कामगारांच्या घरीं जाऊन, रोग्यांचा छडा लावीत आल्या होत्या, आणि १९१९ सालीं हार्व्हर्ड विद्यापीठानें नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री-अध्यापक. हेंडरसन यांचें म्हणणें असें कीं, प्रश्न कारखान्यांतील पांच मृत्यूंचा नाहीं, रस्त्यावरील धुराचा आहे. शिशाची बाधा इतकी हळू व नकळत चढेल कीं लोकांना जाग येईपर्यंत हें पेट्रोल जवळजवळ सर्वत्र झालेलें असेल. उत्तर मिळालें कीं, धोका सिद्ध करून दाखवा.

येथें जें घडलें तें नीट पाहिलें पाहिजे. नवी वस्तु बाजारांत आणणारानें ती निरुपद्रवी आहे हें सिद्ध करावें, ही अपेक्षा उलटी फिरविली गेली. ज्यांच्या नाकांत ती जाणार त्यांनीं तिचा अपाय सिद्ध करावा, असें ठरलें. त्याप्रमाणें नेमलेल्या समितीनें सात महिन्यांत मोटारचालक व गॅरेजमधील कामगार मिळून २५२ माणसें तपासलीं आणि १९२६ सालच्या जानेवारींत कळविलें कीं, तूर्त बंदी घालण्यास सबळ कारण दिसत नाहीं, मात्र तपास पुढें चालूं ठेवावा. सात महिन्यांत न दिसणारा रोग शोधण्यास सात महिने दिलेले होते! विक्री पुन्हां सुरू झाली. पुढील तपास मात्र सरकारनें केला नाहीं. तो सिनसिनाटीचे डॉ. रॉबर्ट कीहो यांनीं केला, आणि त्यांच्या प्रयोगशाळेचा खर्च शिशाचा व्यापार करणाऱ्यांकडून येत असे.

कीहो हे चाळीस वर्षें ह्या विषयांतील अंतिम प्रमाण मानले गेले. शिसें सर्वांच्याच शरीरांत असतें, तेव्हां तें स्वाभाविक आहे. शरीर तें बाहेर टाकतें. आणि रक्ताच्या शंभर घन सेंटिमीटरमध्यें ८० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसें असलें तरी बाधा होत नाहीं, अशी त्यांची मांडणी होती. हें दाखविण्यासाठीं ते मेक्सिकोंतील, कारखान्यांपासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्यांत गेले व त्यांच्याहि शरीरांत शिसें आहे असें दाखवून आले. पण ते शेतकरी शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांतून जेवत असत. रामाझ्झीनीचे कुंभार ते हेच. सवा दोनशें वर्षांपूर्वींचा तो ग्रंथ कोणीं उघडला असता तर ‘स्वाभाविक’ ह्या शब्दाचें भांडें तेव्हांच फुटलें असतें.

कीहोंचा सिद्धांत मोडला तो वैद्यानें नव्हे. क्लेअर पॅटर्सन हे भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचें वय काढीत होते. युरेनियमचें रूपांतर शेवटीं शिशांत होतें, म्हणून जुन्या दगडांतलें आणि उल्केंतलें शिसें अचूक मोजलें कीं वय निघतें. पण पॅटर्सन यांचीं मापें जुळेनात. शिसें नळाच्या पाण्यांत होतें, कांचेंत होतें, केसांत होतें, प्रयोगशाळेच्या हवेंत होतें. शेवटीं त्यांनीं गाळलेल्या हवेची, अहोरात्र घांसलेली, बाहेरच्या धुळीला मज्जाव असलेली खोली बांधविली; आणि १९५६ सालीं पृथ्वीचें वय साडेचारशें कोटि वर्षांहून थोडें अधिक असल्याचें प्रसिद्ध केलें. दुसरा कोणी असता तर ह्या कीर्तीवर निवांत बसला असता. पॅटर्सन यांना दुसराच प्रश्न टोंचत राहिला: खोलीबाहेर हें एवढें शिसें आलें कोठून? समुद्राच्या पृष्ठभागाजवळील पाण्यांत तें खोल पाण्यापेक्षां अधिक होतें. म्हणजे तें वरून, हवेंतून, नुकतेंच पडत होतें. १९६५ सालीं त्यांनीं लिहिलें कीं, अमेरिकन माणसाच्या शरीरांतील शिसें नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारें शंभर पट आहे. आपण ज्याला स्वाभाविक म्हणतों तें केवळ सर्वसाधारण आहे. हा लेख परीक्षणासाठीं कीहो यांच्याकडेच गेला, आणि त्यांनीं तो छापावा असा अभिप्राय दिला. त्यांना त्याचा जाहीर समाचार घ्यावयाचा होता. हेतु कांहीं असो, लेख छापला गेला. ग्रीनलंडच्या बर्फाचा साक्षीदार पुढें आला तो पॅटर्सन व त्यांचे सहकारी यांच्या १९६९ सालच्या लेखांतून. पॅटर्सन यांना ह्या धाडसाची किंमत मोजावी लागली. पेट्रोलियम उद्योगाचें साहाय्य बंद झालें, आणि १९७१ सालीं हवेंतील शिशाचा विचार करण्यासाठीं बसलेल्या राष्ट्रीय विद्वत्समितींत शिसें सर्वांत चांगलें मोजूं शकणाऱ्या ह्याच माणसाला स्थान मिळालें नाहीं.

आतां हें शिसें श्वासांत कसें येत होतें तें थोडक्यांत सांगतों. एंजिनांत जळलेलें शिसें आंतच थिजून बसलें तर एंजिन बिघडतें. म्हणून पेट्रोलमध्यें ब्रोमीन व क्लोरीन यांचीं संयुगें मिसळीत, आणि त्यांच्या योगानें शिसें नळींतून बाहेर फेंकलें जाई. म्हणजे शिसें रस्त्यावर यावें अशीच रचना केलेली होती. बाहेर पडणारे बहुतेक कण एक मायक्रोनहूनहि लहान असत. माणसाचा केस सुमारें सत्तर मायक्रोन जाड असतो. दहा मायक्रोनचा कण बहुधा नाका-घशांत अडकतो, शिंकेनें किंवा कफानें निघून जातो. अडीच मायक्रोनच्या खालचा कण फुप्फुसाच्या अगदीं टोंकाच्या वायुकोशांत पोंचतो. तेथें खोकल्याचा उपयोग नाहीं. शिसें जवळजवळ सगळें रक्तांत उतरतें. शिशाचा कावा असा कीं, शरीराला तें चुन्यासारखें वाटतें. ज्या दारानें कॅल्शियम आंत यावयाचा त्या दारानें तें शिरतें, वाढत्या मेंदूंत शिरतें, हाडांत तर ठाण मांडतें. लहान मुलें उंचीनें धुराच्या नळीच्या जवळ असतात, वजनाच्या मानानें श्वास अधिक घेतात, आणि जमिनीवर बसलेली तीच धूळ बोटांनीं तोंडांत घालतात. हर्बर्ट नीडलमन ह्या वैद्यानें शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दांत गोळा केले व १९७९ सालीं दाखविलें कीं, ज्यांच्या दांतांत शिसें अधिक त्यांची बुद्धिमापनांतील व वर्गांतील कामगिरी कमी, जरी त्यांच्यापैकीं एकालाहि आजारी म्हणतां येत नव्हतें. रोग म्हणून ओळखूं न येणारी ही हानि होती. रामाझ्झीनीच्या प्रश्नानें ती सांपडलीच नसती, कारण ह्या मुलांना धंदा नव्हता. नीडलमन यांच्यावरहि पुढें अप्रामाणिकपणाचा आरोप आणला गेला व चौकशींत तो टिकला नाहीं.

शिसें पेट्रोलमधून गेलें, तें मात्र मुलांच्या दांतांसाठीं गेलें असें म्हणणें धाडसाचें होईल. १९७५ पासून अमेरिकन मोटारींना धूर शुद्ध करणारें प्लॅटिनमचें उपकरण बसूं लागलें, आणि शिशानें तें उपकरण निकामी होई. यंत्राला विषबाधा होते हें सर्वांस ताबडतोब पटलें! तरीहि परिणाम डोळे दिपविणारा होता. १९७६ ते १९८० ह्या चार-पांच वर्षांत पेट्रोलमधील शिसें जसजसें घटलें तसतसें अमेरिकन लोकांच्या रक्तांतील सरासरी शिसें सदतीस टक्क्यांनीं उतरलें. मुलांच्या रक्तांतील चिंताजनक पातळी १९६० मध्यें ६० मायक्रोग्रॅम मानीत. ती १९९१ मध्यें १० वर आली, २०१२ मध्यें ५ वर आणि २०२१ मध्यें साडेतीनवर. निरुपद्रवी अशी कोणतीच पातळी आढळलेली नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

आमच्या देशांत १९८५ सालीं महेशचंद्र मेहता ह्या वकिलांनीं दिल्लीच्या धुराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, व त्यानंतर झालेल्या हुकुमांचा परिणाम म्हणून १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. तेंहि प्रथम, अमेरिकेप्रमाणेंच, उपकरण बसविलेल्या नव्या मोटारींसाठीं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचें पेट्रोल बंद झालें. जगांत तें शेवटीं विकलें गेलें अल्जीरियांत, २०२१ सालच्या जुलैपर्यंत. छोट्या पिस्टन-विमानांच्या इंधनांत तें अजून आहे. २००९ सालीं ठरलेल्या आमच्या राष्ट्रीय मानकांत वार्षिक सरासरीनें हवेच्या घनमीटरमागें शिशाला अर्धा मायक्रोग्रॅम, तर आर्सेनिकला सहा व निकेलला वीस नॅनोग्रॅम इतकी मर्यादा आहे. एका मायक्रोग्रॅममध्यें हजार नॅनोग्रॅम होतात, हें पाहिलें म्हणजे ह्या दुसऱ्या दोन धातूंच्या बाबतींत काय भीति वाटते तें उमगेल.

धूर गेला, पण शरीरांतला हिशेब इतक्या लौकर मिटत नाहीं. रक्तांतील शिसें महिन्या-दोन महिन्यांत निम्मे होतें, हाडांतील शिसें निम्मे होण्यास मात्र वीस-तीस वर्षें लागतात. गरोदरपणांत व बाळ अंगावर पीत असतां आईच्या हाडांतील चुना सुटतो, त्याबरोबर तेंहि सुटतें; म्हातारपणीं हाडें झिजूं लागलीं कीं पुन्हां एकदां रक्तांत येतें. १९८० च्या सुमारास शाळेंत जातांना आम्ही दादरच्या नाक्यावर फियाट टॅक्सींच्या रांगेमागें रोज दहा-पंधरा मिनिटें उभे असूं. त्या वेळीं ओढलेल्या श्वासांतील शिशाचा कांहीं अंश आज हा मजकूर लिहितांनाहि आमच्या मांडीच्या हाडांत आहे.